मागच्या चाकांची पिन

दुपारच्या शांततेत वॉशिंग मशीन टणटण वाजू लागलं आणि अंगणातून नवरा ओरडला, "अगं, नाणी धुतेस की काय?" "बटणं असतील!" मी म्हणाले खरी, पण धावले मशीनकडे. डोंगरातली वळणं घेता यावीत म्हणून त्यानं हौसेनं बांधलेल्या गाडीला मागची चाकंही वळवणारा अ‍ॅक्सल बसवला होता. मीच बोल्ट धरून दिले होते. शर्यतीच्या जागेपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर मात्र ती चाकं पिन घालून सरळ ठेवावी लागतात. पिन नाही, तर उद्या शर्यतीला जाणं नाही. मागच्या शर्यतीहून तो स्ट्रेचरवरून घरी आला होता. म्हणून सकाळी ती पिन मी गुपचूप गाऊनच्या खिशात टाकली, अन् धांदलीत गाऊन धुण्यात. तो आणि लेक तेव्हापासून ती शोधत होते. मशीन थांबवून झाकण उघडलं, तोच लेकीनं स्टुलावर चढून हात घातला. ओली पिन मिरवत म्हणाली, "सापडली! आई, बाबांना नेऊन देऊ?"