बांबूची पट्टी

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली, तरी हाताच्या पट्ट्यांचं मुंबईचं सामान बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचेना. व्यवसायोपचारतज्ज्ञ सुमतीबाईंनी जहांगीर शिंप्याच्या आखडलेल्या बोटांना बांबूच्या कामट्यांची पट्टी शिवून बांधली. बोटं सुटली तरच हातात कात्री येणार होती. “टोचतं का, भाऊ?” “नाई बाई, झकास हाये!” फुकटच्या पट्टीला नावं कोण ठेवणार! अर्ध्या तासाने पट्टी सोडली, तर मनगटावर लालभडक वळ. अशाने जखम होते. बाईंनी पट्टी उसवली. “अवो, बांबूचीच तं हाये! इतकं काऊन?” “हात बांबूचा नाही ना! गिऱ्हाईक ‘चालेल’ म्हणालं, तर तुम्ही तिरकी बाही देता?” “छ्या! उसवतोच.” कामट्या तासून पट्टी पुन्हा बांधली. घरी नेणारी धामणगावची बस सुटायला आली, तरी जहांगीर लाजत म्हणाला, “अंगठ्यापाशी थोडं टोचून राह्यलं, बाई.” “खरं सांगितलंत, फार उपकार झाले, भाऊ,” म्हणत बाईंनी पुन्हा तासायला पट्टी सोडली.