आतला आवाज

बाळंतपणाच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून आवाज येत नव्हता. बाहेरच्या बाकावर रतनबाई ताठ बसल्या होत्या. आत त्यांची लेक आरोही सकाळपासून कळा सोसत होती. दुपार झाली तरी साधं कण्हणंही बाहेर आलं नव्हतं.

"पोरगी लई गुणाची हाय तुमची," शेजारी बसलेली जुलेखाबी म्हणाली. तिची सून कालच बाळंत झाली होती. "तोंडातून आवाज न्हाई."

"शिकवलंय तिला," रतनबाई म्हणाल्या.

याच दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. चादरीला सुरकुती नको, दारात नातेवाईक नको आणि आत आरडाओरडा नको. रतन सिस्टरची ड्युटी म्हटलं की बायका पदर तोंडात कोंबूनच टेबलावर चढायच्या.

"मला वळखलं न्हाई तुमी," जुलेखाबी हसली. "माझ्या रईसच्या वक्ताला तुमीच होत्या. माझ्या अम्मीला दाराबाहेर काढलं, अन् मला मांडीवर चापट दिली. म्हणल्या, तवा गोड लागलं, आता कावून बोंबलतीस? चोवीस सालं झाली. याद हाय."

रतनबाईंनी पदर सारखा केला. "एका पाळीत सात-सात बाळंतपणं असायची. मी एकटी."

"ते बी खरंच हाय," जुलेखाबी म्हणाली.

तासाभरापूर्वी समिना सिस्टर दारात येऊन गेली होती. "मावशी, आता घरची एक बाई आत चालते. या ना." रतनबाईंनी हातानंच नको म्हटलं होतं. घरच्यांचं आत काय काम?

आता दार पुन्हा उघडलं. समिनाचा मास्क घामानं ओला झाला होता.

"मावशी, बाळाचे ठोके खाली चाललेत. कळ आली की ती श्वास कोंडून धरते, ओठ चावते. बाळाला हवा कुठून मिळणार? डॉक्टर म्हणतात, आणखी थोडं बघू, नाहीतर बीडला हलवावं लागेल. रस्त्यात काय होईल, मी सांगू शकत नाही."

"मग सांगा ना तिला, श्वास सोड म्हणून!"

"कधीची सांगतेय. आत्ता कुठं बोलली." समिनानं खाली पाहिलं. "म्हणते, आई बाहेर बसलीय. तिला ऐकू जाईल."

रतनबाई उठून दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या. पाठीवर एक हात आला.

"जावा, सिस्टर," जुलेखाबी म्हणाली. "तुमाला कुणी भायेर काढत न्हाई."

आत टेबल तेच होतं. यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, थांबून थांबून. आरोहीच्या खालच्या ओठावर रक्त होतं. आईला पाहताच तिनं घाईघाईनं गुडघ्यावरची चादर सारखी केली.

"ओरड, माय," रतनबाई म्हणाल्या.

आरोहीनं मान हलवली. कळ आली. तिनं पुन्हा ओठ दातांत धरला. यंत्र रेंगाळलं.

"शंभराच्या खाली," समिना पुटपुटली.

रतनबाईंनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. या चेहऱ्यात याच टेबलावरच्या किती बायका दिसत होत्या, त्यांनी मोजलं नाही. त्यांनी तोंड उघडलं.

बाहेर बाकावर जुलेखाबी दचकली. पहिली किंकाळी आरोहीची नव्हती. दुसरी तिची होती. ती लांबत गेली, तुटली, पुन्हा आली.

आणि मग, बऱ्याच वेळानं, तिसरा आवाज आला. त्याला गप्प बस म्हणणारं आत कुणीच नव्हतं.