मदतवाटपाचा मान

गारपिटीने गावातली सगळी शेतं आडवी केली. टेकडीच्या आडोशाला होता म्हणून काकूंचा वाटाणा तेवढा वाचला. पाहणीला आलेले साहेब बांधावरूनच म्हणाले, "काकू, तुमचं काही गेलेलंच नाही, मग मदत कशाची देऊ?" काकूंनाही ते पटलं. उलट शेजारणींसमोर जाताना त्यांनाच ओशाळल्यासारखं होत होतं.

थोड्याच दिवसांत मदतवाटपाचा जंगी कार्यक्रम ठरला. पाहुणे मोठे, गाड्या ढीगभर. बाकीच्यांनी शेतं नांगरून ठेवली होती, त्यात गाड्या रुतल्या असत्या. म्हणून गाड्या लावायचा मान काकूंच्या शेताला मिळाला, तोही त्यांना न विचारता.

भाषणं झाली, फोटो झाले, पाहुणे गेले. शेंगांनी लगडलेला वाटाणा चाकांखाली पार चिखलात गेला होता. काकूंनी साहेबांना हाताला धरून बांधावर आणलं. "साहेब, आता तरी माझं नाव घाला. चार दिवसांत तोडणी होती हो."

साहेब खरंच हळहळले.



"काय करू काकू, गाड्या आभाळातून पडल्या असत्या, तर नैसर्गिक आपत्तीत बसवलं असतं."