रोजचं विरजण

दवाखान्यातलं यंत्र आता उदासीवर गोळ्या देत नसे. मृण्मयीला त्याने एवढंच बजावलं होतं, "रोज दही लावा, चुकवू नका." तिला ती थट्टाच वाटली, तरी ती लावायची.

पण समोरच्या कुमुदकाकू रोज सकाळी विरजण मागायला येत. कालचं चमचाभर ठेवलं की झालं. रोज कोण मागतं? ही बाई नक्कीच पाळतीवर ठेवलेली.

आज मृण्मयीने त्यांना दारातच अडवलं. "काकू, खरं सांगा, तुम्हाला यंत्राने पाठवलंय ना?"

काकू वरमल्या. "हो गं. हे गेल्यापासून मला अंथरुणातून उठवतच नाही. यंत्र म्हणालं, रात्री सगळं दही संपवा, म्हणजे सकाळी तुझ्याकडे विरजण मागायला उठावंच लागेल."

मृण्मयीने काकूंच्या हातातली वाटी घेतली. परवा तिने कंटाळून दूध तसंच ठेवलं होतं, पार झोपेपर्यंत. मग सकाळी काकू येतील म्हणून उठून विरजण लावलं होतं.