बंद पडणारी गाडी

गवत कापायची जुनी गाडी सुरू व्हायची, मैदानात थोडी पुढे जायची आणि बंद पडायची. कुमुदने पेट्रोल बदललं, कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग घातला. तरी तेच. उद्या इथे मुलींचा सामना होता.

कडेला खुर्चीत तिचे वडील बसले होते. जन्मभर ही गाडी त्यांनीच चालवलेली. पण अर्धांगवायूनंतर त्यांची वाचाच गेली होती.

"झा... झाकण," मागून आवाज आला.

ती चमकून वळली. मग तिने टाकीचं झाकण सैल केलं, तशी फुस्स करून हवा आत शिरली. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं होतं, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. किल्ली फिरवताच इंजिन धडधडलं आणि धडधडतच राहिलं.

तिने ते बंद केलं आणि ती धावत खुर्चीपाशी आली.

"अण्णा, आणखी काहीतरी बोला ना!"

"कुमू," अण्णा म्हणाले.