शेवटी बोलणारी

चांगल्या नेत्यानं आधी सगळ्यांचं ऐकून घ्यावं आणि आपण शेवटी बोलावं, हे क्रांती विद्यापीठाच्या शिबिरात शिकली होती. वर्षभर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तिनं ते तंतोतंत पाळलं. पोरंपोरी भांडून दमली की क्रांती बोलायची आणि तेच ठरायचं.

दिवाळीला ती औंधला घरी आली, तर सोप्यात तिच्याच लग्नाची बैठक बसलेली. मुलाकडची माणसं वाईहून आली होती. मधोमध ताटात सुपारी होती. ती फुटली की सोयरीक पक्की.

वडील म्हणाले, "क्रांती, तू शिकल्याली हायस. आदी तू बोल. तुज्या मनात नसंल तर पाव्हण्यास्नी आत्ताच सांगू."

असं त्या घरात आजवर कुठल्याच पोरीला कुणी विचारलं नव्हतं. क्रांतीच्या ओठावर ‘नको’ तयारच होतं, पण वर्षभराची सवय आडवी आली.

"आधी तुमी सगळे बोला, आण्णा. मी शेवटी बोलते."

फौजेतनं रिटायर झालेल्या चुलत्यांचा ऊर भरून आला. "बघा पाव्हणं! एवढी शिकली, पर थोरांच्या म्होरं जात न्हाई. आमच्या शब्दाभाईर न्हाई आमची पोरगी!" असं म्हणत त्यांनी सुपारी फोडलीसुद्धा.

"तात्या, आवं थांबा..." म्हणायला क्रांतीनं तोंड उघडलं.



आईनं त्यात साखर भरवली.