आरशावरच्या पट्ट्या

काल विळीवर प्रियांकाचं बोट कापलं, तेव्हा सासू सकुबाईच धावली. रक्त बघून प्रियांकाने डोळे घट्ट मिटले होते, ते तिने बोटाला चिकटपट्टी गुंडाळल्यावरच उघडले. आईसुद्धा एवढं करत नाही, असं तिच्या मनात आलं होतं.

आज सकाळी प्रियांका मोरीतल्या आरशापुढे उभी राहिली. तिच्या टिकल्यांच्या शेजारी सासऱ्यांच्या पायाच्या नखुरड्यावरून काढलेल्या तीन पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. मधल्या कापसावर पिवळा पू वाळलेला, कडेला अंगठ्याचे दोन केस.

"शी! आई, ही काय घाण?"

"वरडतेस काय गो? तू नाय का आंघोळीच्या आधी टिकली आरशाला लावत, नि मंग परत कपाळाला? डिंक हाय तवर फेकायची कशाला?"

प्रियांकाने नाक दाबून काडीने त्या पट्ट्या खरवडल्या आणि थेट चुलीत टाकल्या. सकुबाईचं तोंड एवढंसं झालं.



"जाळल्यास? अगो, काल ह्यातलीच चांगली बघून तुझ्या बोटाला लावली ना मी!"